कारखान्याचं पोस्ट ऑफिस



संयोजकांनी फोनवर सांगितलं, 'तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल.' आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना हे सोपं आहे. पोट कुठे दुखतं ते सगळ्यांना माहीत असतं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात : कंपनी कुठली, आणि घरचा प्रिंटर चालत नाही तो बघशील का. म्हणून सध्याचं काम बाजूला ठेवते आणि नोकरीच्या पहिल्या वर्षातलं एक काम सांगते. २००२ साली इंजिनिअरिंग संपवून मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागले आणि तिथला ईमेलचा सर्व्हर इंटरनेटला जोडला. सांगायला वाक्य एवढंच आहे. करायला चार महिने लागले, आणि त्यातला यंत्राशी झगडण्यात गेलेला वेळ थोडाच.

फाउंड्री म्हणजे काय ते कोल्हापुरात सांगायला नको. आमच्या कारखान्यात साठेक माणसं होती आणि ईमेल पत्ता एकच होता. ऑफिसात एक काकू होत्या. त्या दिवसातून दोनदा, सकाळी अकराला आणि दुपारी चारला, मोडेम लावायच्या. ती किर्रर्र शिट्टी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आलेली पत्रं उतरवून त्या डॉट मॅट्रिक्सवर छापायच्या आणि कागद मालकांच्या टेबलावर ठेवायच्या. मालक वाचून वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने 'क्वालिटी', 'स्टोअर', 'डिस्पॅच' असं लिहायचे आणि मग शिपाई ते कागद शेडमध्ये घेऊन जायचा. शनिवारी चारचा फेरा नसायचा.

अशाच एका शनिवारी दुपारी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने पंपाच्या केसिंगचं सुधारलेलं ड्रॉइंग पाठवलं. फ्लँजची जाडी वाढवली होती. ते सोमवारी अकराला उतरलं, जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला मालकांच्या टेबलावरून सुटलं आणि पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींच्या हातात दुपारी तीनला पडलं. तोवर शनिवारच्या रात्रपाळीत आणि सोमवारी सकाळी जुन्याच पॅटर्नवर ऐंशीच्या वर कास्टिंग ओतून झाली होती. वाया गेलेलं लोखंड परत भट्टीत टाकता येतं. वीज, वाळू, कोअर आणि माणसांची रात्र टाकता येत नाही. मिस्त्रींना सगळ्यांसमोर बोलणी बसली. ते एवढंच म्हणाले, 'कागद आला तवा मी काम थांबवलं. कागद कधी आला ते इचारा की.'

मालकांनी ते खरंच विचारलं, हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, 'ज्याचं पत्र त्याच्याकडे सरळ गेलं पाहिजे, आणि आल्या आल्या गेलं पाहिजे. काय लागतं ते सांग.'

काय लागतं ते तुम्हालाही थोडक्यात सांगते, कारण पुढचं भांडण त्यावाचून कळणार नाही.

ईमेल जातं ते एसएमटीपी नावाच्या नियमांनी. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ते लिहून काढले. (आडनावात पोस्ट आहे हा निव्वळ योगायोग.) नियम इतके साधे आहेत की माणूस स्वतः टाइप करून सर्व्हरशी बोलू शकतो. सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या दारावर जायचं आणि 'हेलो' म्हणायचं. त्यात एल एकच, कारण आज्ञा चार अक्षरांच्या आहेत. मग कोणाकडून, कोणाला आणि मजकूर. शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब द्यायचं, म्हणजे पत्र संपलं. पलीकडचा सर्व्हर प्रत्येक वेळी आकड्यात उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. ५ ने सुरू होणारा म्हणजे 'नाही म्हणजे नाही'.

यात एक मोठी मोकळी जागा आहे. 'कोणाकडून' इथे काहीही लिहिता येतं. आंतरदेशीय पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे कुणी 'मुख्याध्यापक' असं लिहिलं तर पोस्टमन हरकत घेत नाही. आपल्यातल्या एकाने नववीत हे करून पाहिलं होतं. नाव सांगत नाही, तो आज दुसऱ्या रांगेत बसला आहे.

दुसरी गोष्ट रिलेची. १९८२ मध्ये या जाळ्यावर मोजकी यंत्रं होती, बहुतेक विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची. एकमेकांची पत्रं पुढे पोचवणं ही तेव्हा रीतच होती. आपण एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतो, 'कराडच्या स्टँडवर भाऊ घ्यायला येईल' म्हणून, तसं. नव्वदच्या दशकात जाहिरातवाल्यांनी याचा फायदा घेतला. परक्याच्या सर्व्हरला एक पत्र द्यायचं आणि सोबत हजारो पत्ते. पोचवण्याचा भार त्याच्यावर, नावही त्याचंच खराब. त्यामुळे सेंडमेल या तेव्हाच्या सगळ्यात प्रचलित प्रोग्रामने १९९८ च्या आवृत्तीपासून हा रिले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या मेल सर्व्हरने दोन गोष्टी पाळायच्या. आपल्या माणसासाठी आलेलं पत्र जगातल्या कुणाकडूनही घ्यायचं. पण परक्याने परक्यासाठी दिलेलं पत्र हातात धरायचं नाही. दार उघडं तर ठेवायचं, पण धर्मशाळा होऊ द्यायची नाही.

यंत्र म्हणून स्टोअरमधला एक जुना पेंटियम मिळाला. लिनक्स पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर सीडीवर यायचं, ते घातलं. त्यावर पोस्टफिक्स, कारण सेंडमेलची सेटिंग्जची फाइल वाचून मला संस्कृतचा पेपर आठवायचा. ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन आली. आज फोनवर आख्खा सिनेमा बघणाऱ्या मुलांना सांगते, त्या लाइनवर २ एमबीचं एक ड्रॉइंग यायला सहा मिनिटं लागायची, आणि आम्हाला तो वेग वाटायचा. कारखान्याच्या डोमेनच्या नोंदीत एमएक्स नावाची एक ओळ असते, 'या नावाची पत्रं या यंत्राकडे द्या' अशी. ती आमच्या पेंटियमकडे वळवली. उलटी नोंदही लागते, म्हणजे या आकडी पत्त्याचं यंत्र अमुक नावाचं आहे अशी. ती नसेल तर परदेशातले काही सर्व्हर पत्र घेत नसत. ती करणं लाइन देणाऱ्या कंपनीच्या हातात होतं. ईमेल सुरू व्हावं म्हणून मी त्यांना लेटरहेडवर अर्ज केला आणि तीनदा फॅक्स.

आता माणसांकडे येते.

पत्ते कुणाला द्यायचे याची यादी ऑफिसातून आली. तीत नऊ नावं होती आणि नऊही जण खुर्चीवर बसणारे. पॅटर्न शॉप नव्हतं, क्वालिटीचा तपासनीसही नव्हता. कारण विचारलं तर उत्तर आलं, 'त्यांना इंग्रजी येत नाही, पत्ता देऊन काय करणार?' ज्या माणसाच्या हातात कागद उशिरा पडला म्हणून हा सगळा खर्च चालला होता, तोच यादीत नव्हता. मी मिस्त्रींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, 'ताई, ड्रॉइंगला कुठं भाषा असती? पार्ट नंबर आन् रिव्हिजनचं अक्षर वाचता येतंय मला.' मी मालकांपुढे नावांऐवजी खात्यांची यादी ठेवली : पॅटर्न, क्वालिटी, डिस्पॅच, स्टोअर. माणूस बदलला तरी पत्ता राहील, हे कारण त्यांना पटलं. खरं कारण त्यांना कळलं असणारच, पण बोलले नाहीत.

काकूंचं वेगळं होतं. चार वर्षं कारखान्याचं सगळं टपाल त्यांच्या हातून जात होतं आणि आता ते बंद होणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी वायर ओढत असताना त्यांनी विचारलं, 'मग मी आता काय करायचं?' मला उत्तर सुचलं ते नियमांमुळे. ईमेलच्या नियमात लिहिलेलं आहे की पत्रं घेणाऱ्या प्रत्येक डोमेनला 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता असलाच पाहिजे. तो पत्ता माणसाने वाचायचा असतो. न पोचलेली पत्रं, तक्रारी, चुकलेले पत्ते, सगळं तिथे येतं. बहुतेक ठिकाणी ती पेटी कुणीच उघडत नाही. मी काकूंना म्हटलं, तुम्ही आमच्या पोस्टमास्तर. त्यांना आधी ती थट्टा वाटली. महिन्याभरात त्या नकाराचे आकडे वाचायला लागल्या. कुठलं गिऱ्हाईक स्पेलिंगमध्ये एक अक्षर गाळतं, कुणाची पेटी नेहमी भरलेली असते, हे त्यांना तोंडपाठ झालं. ५ ने सुरू होणारा नकार दिसला की त्या सरळ फोन उचलायच्या. इतका चांगला पोस्टमास्टर मी नंतर मोठमोठ्या कंपन्यांतही पाहिला नाही.

खरा वाद झाला तो रिलेवरून. आमचे मार्केटिंगचे साहेब महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असायचे, पुणे, चेन्नई, फरिदाबाद. हॉटेलच्या फोनवरून लॅपटॉप जोडून ते पत्र पाठवायला गेले की आमचाच सर्व्हर त्यांना नकार द्यायचा. त्याच्या दृष्टीने ते परक्या लाइनवरून आलेले परके होते, आणि परक्याचं पत्र परक्याला न्यायचं नाही हे मीच त्याला शिकवलं होतं. राउटर बसवणाऱ्या पुरवठादाराच्या माणसाने मालकांना सांगितलं, 'रिले उघडा ठेवा साहेब. आम्ही सगळीकडे तसाच ठेवतो, कुणाची तक्रार नाही.' मालक माझ्यावर चिडले. 'आमच्याच माणसाला आमचंच पोस्ट बंद? उघड उद्याच्या उद्या.'

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, नोकरी लागून सहा महिने झाले नव्हते, आणि समोर दोन अनुभवी पुरुष सांगत होते की सगळीकडे असंच असतं. मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणाल, काय एवढं? सांगते. तेव्हा उघड्या रिलेच्या काळ्या याद्या सुरू झालेल्या होत्या. पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तशी पहिली प्रसिद्ध यादी चालू केली, मग आणखी निघाल्या. जगभरचे सर्व्हर त्या याद्या बघून पत्र नाकारायचे. एकदा त्यात पत्ता गेला की आमचं कोटेशन, डिस्पॅचची सूचना, टेस्ट रिपोर्ट, सगळं वाटेतून परत. शेजारच्या प्लॉटवरच्या एका कारखान्याचं हेच झालेलं होतं. युरोपातल्या गिऱ्हाइकाशी त्यांचा कारभार तीन आठवडे फॅक्सवर चालला होता.

हे आकड्यांत सांगून उपयोग नव्हता. मी मालकांना म्हटलं, 'साहेब, रात्री अकराला तुम्ही आलात तर वॉचमन तुम्हाला ओळखून फाटक उघडतो. तुम्हाला त्रास नको म्हणून आपण फाटकच काढून टाकत नाही. मला वॉचमनला ओळख शिकवायला तीन दिवस द्या.' ओळख म्हणजे पासवर्ड. पत्र बाहेर पाठवण्याआधी सर्व्हरने नाव आणि पासवर्ड विचारायचा, अशी सोय नियमांत १९९९ साली आलेली होती. सर्व्हरवर ती बसवायला तीन दिवस लागले. साहेबांच्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये एका चौकटीत खूण करायची होती, त्याला अर्धा मिनिट. मालक 'बरं' एवढंच म्हणाले.

तरी कारखान्याच्या आतून तपासणं म्हणजे आपणच आपला पेपर तपासणं. म्हणून मी राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत गेले. शेजारी कॉलेजची मुलं चॅटिंग करत होती आणि मी काळ्या खिडकीत माझ्याच सर्व्हरला फसवत होते. हेलो. पत्र एका परक्याकडून. दुसऱ्या परक्याला. उत्तर आलं : ५५४, रिले अ‍ॅक्सेस डिनाइड. कुणी आपल्याला इतक्या रुक्षपणे हाकलून लावलं म्हणून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. मग पॅटर्न शॉपच्या नावाने एक पत्र दिलं, ते त्याने मुकाट घेतलं.

लाइन चालू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॉग उघडला. आम्ही कुणालाही कळवलेलं नव्हतं, तरी रात्रभरात कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून दार ठोठावून गेले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच : परक्याचं पत्र परक्याला नेतोस का? आणि प्रत्येक ओळीत नकार. मी त्याचा प्रिंट मालकांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि लाइनच्या बिलाबरोबर फाइलला लावला. पुरवठादाराच्या माणसाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

लोडशेडिंगची भीती मात्र सगळ्यांना होती. लाइट गेली की पत्र गेलं, असं म्हणायचे. तसं होत नाही. पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःकडे रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने परत येऊन बघतो. निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असं नियमच सांगतात. आमची वीज चार तास जायची. टपालाचे पोस्टमन दाराला कुलूप दिसलं तर इतके दिवस येत नाहीत.

पॅटर्न शॉपमध्ये वाळूची आणि लाकडाच्या भुशाची धूळ. तिथे संगणक टिकणार नाही म्हणून पुन्हा कुरबुर झाली. मिस्त्रींनी दोन दिवसांत मॉनिटर आणि सीपीयूला पाइन लाकडाचं कपाट बनवलं, पुढे काच, मागे हवेला जाळी, सांधा असा की ब्लेड जाणार नाही. शेवटी पॅटर्नमेकर तो. त्यांना त्या सगळ्या व्यवस्थेत एकच गोष्ट मनापासून आवडली. प्रत्येक पत्राच्या वरच्या बाजूला, नेहमी लपवलेल्या ओळींत, ज्या ज्या सर्व्हरकडून ते आलं त्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. हे मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हंजे कागद कधी आला ते कागदावरच लिवलंय.' त्या दिवसापासून प्रत्येक ड्रॉइंगच्या प्रिंटवर ते पेन्सिलीने ती वेळ लिहायचे आणि खाली काम थांबवल्याची वेळ. मी तिथे होते तोवर त्यांना पुन्हा कुणी सगळ्यांसमोर बोललं नाही.

आता यातलं फारसं काही राहिलं नाही. बहुतेक लहान कारखाने आणि ऑफिसं स्वतःचा मेल सर्व्हर ठेवत नाहीत, मोठ्या कंपन्यांकडे भाड्याने घेतात, आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे. आज तो सांभाळायला एक माणूस पूर्णवेळ लागेल. पण दाराचा नियम बदललेला नाही, उलट कडक झाला आहे. 'कोणाकडून' इथे कुणीही काहीही लिहितं, म्हणून आता डोमेनच्या नोंदीत जाहीर करावं लागतं की आमच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी कुठल्या यंत्रांना आहे. तिला एसपीएफ म्हणतात. पत्रावर डीकेआयएम नावाची सही लागते, आणि सही जुळली नाही तर काय करायचं ते सांगणारी डीमार्क ही तिसरी नोंद. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

हे इथे सांगायचं कारण आपल्या मेळाव्याचं निमंत्रण. ते आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या डोमेनच्या नावाने गेलं, पण पाठवणारं यंत्र तिसरंच होतं आणि नोंदीत त्याचं नाव नव्हतं. त्यामुळे बऱ्याच जणांचं निमंत्रण स्पॅममध्ये जाऊन पडलं. आपल्या दोन बाईंना तर वाटलं की मुलांनी आपल्याला बोलावलंच नाही. त्यातल्या एका बाईंनी तसं कुणाला बोलून दाखवलं म्हणून कळलं, नाहीतर आज त्या खुर्च्या रिकाम्या असत्या आणि कारण कुणालाच समजलं नसतं. त्या दोघींना फोन करून आणलं आहे, त्या पहिल्या रांगेत आहेत. नोंद मी मागच्या आठवड्यात दुरुस्त केली. तरी वयाने मोठ्या माणसांना ईमेलबरोबर फोनही करावा, एवढं संयोजकांना सांगते.

आणि एक, आपल्यातले जे धंदा करतात त्यांच्यासाठी. सर्व्हर खुशाल भाड्याने घ्या, पण डोमेनचं नाव तुमच्याच नावावर नोंदलेलं आहे का ते आज घरी जाऊन बघा. आमच्या फाउंड्रीचं डोमेन एका पुरवठादाराने स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलं होतं, बिल मात्र दरवर्षी आम्हाला. ते परत मिळवायला सर्व्हर जोडण्यापेक्षा जास्त महिने गेले. आपल्या संघाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे तेही मी पाहिलं. ते ज्याने वेबसाइट करून दिली त्या मुलाच्या नावावर आहे. मुलगा चांगला आहे, लगेच नाव बदलून द्यायला तयार झाला. त्यासाठी संघाच्या लेटरहेडवर दोन सह्यांचं पत्र लागेल. ते मी टाइप करून आणलं आहे. अध्यक्ष आणि खजिनदार यांनी जेवणाआधी मला भेटावं.